गडद कपाटांखालची फरशी

गडद सागवानी कपाटांखाली फरशी कोणती, हा प्रश्न आपल्या आज्यांना पडलाच नाही. शेणाने सारवलेली जमीन असे. मग कर्नाटकातल्या शहाबादची करडी फरशी आली. रंग शांत, पण दगड चुनखडीचा. लिंबू सांडलं की डाग. रंगीत लाद्या विलायतेहून येत, त्या श्रीमंतांच्याच. १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू झाली, तीही स्वदेशीच्या भावनेने! जुन्या घरांतली तशी पिवळसर सिमेंटची लादी काळपट लाकडाखाली अजून उठून दिसते. आता खाली काळा ग्रॅनाइट घालायची हौस आहे. त्यावर काळी मुंगी दिसणार कशी? मग जयणा कुठली! मी तरी फिकट मोझॅकच घेईन, आणि चकाकी कमी ठेवायला सांगेन. तेल सांडलं की पाय घसरतो.