पोलंड

पोलंड (पोलिश भाषेत पोल्स्का) हा मध्य युरोपातील एक देश आहे. त्याच्या उत्तरेस बाल्टिक समुद्र व रशियाचा कालिनिनग्राद हा प्रांत, ईशान्येस लिथुएनिया, पूर्वेस बेलारूस व युक्रेन, दक्षिणेस स्लोव्हाकिया व चेक प्रजासत्ताक आणि पश्चिमेस जर्मनी आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३,१२,००० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास आहे. वॉर्सा ही राजधानी व झ्लॉटी हे चलन होय. ‘पोल’ म्हणजे शेत किंवा मैदान; या शब्दावरूनच येथे राहणाऱ्या पोलान या स्लाव्ह टोळीचे व पुढे देशाचे नाव पडले असे मानले जाते. दक्षिण सीमेवरील तात्रा पर्वत वगळता देशाचा बहुतेक भाग सपाट आहे. पूर्व-पश्चिम दिशांना नैसर्गिक अडसर नसल्याने शेजारच्या सत्तांची सैन्ये येथून वारंवार गेली.

नकाशावरून नाहीसा झालेला देश

मिएश्को पहिला या शासकाने इ.स. ९६६ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हापासून पोलंडच्या राज्याचा इतिहास मोजला जातो. १५६९ मध्ये लिथुएनियाशी झालेल्या संयोगानंतर ते युरोपातील सर्वांत विस्तीर्ण राज्यांपैकी एक झाले. राजाची निवड सरदारांच्या मताने होत असे आणि विधिमंडळातील एकाच सभासदाच्या नकाराने संपूर्ण कामकाज रद्द करता येई. ही पद्धत पुढे राज्याच्या मुळावर आली. ती मोडून काढण्यासाठी ३ मे १७९१ रोजी नवी राज्यघटना संमत झाली. युरोपातील पहिली आधुनिक लिखित राज्यघटना म्हणून तिची गणना होते, पण तोवर फार उशीर झाला होता. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन फाळण्यांत सारा देश वाटून घेतला आणि पुढील १२३ वर्षे पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य उरले नाही.

खालील व्यक्तींपैकी अनेकांचे कार्य या काळातले आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजेच मेरी क्युरी, यांचा जन्म १८६७ मध्ये रशियाच्या अमलाखालील वॉर्सामध्ये झाला. तेथील विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून त्या ‘उडते विद्यापीठ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुप्त वर्गांना जात. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून हे वर्ग एका घरातून दुसऱ्या घरात हलत असत. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी पती पिएर यांच्यासह १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याला पोलोनियम हे नाव दिले. नकाशावर नसलेल्या देशाचे नाव अशा रीतीने मूलद्रव्यांच्या कोष्टकात गेले. त्यांना १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचे व १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संगीतकार फ्रेदेरिक शोपँ (१८१०–१८४९) विसाव्या वर्षी देश सोडून गेले ते परतलेच नाहीत. त्यांचा देह पॅरिसमध्ये पुरला आहे. हृदय मात्र बहिणीने वॉर्साला आणले व ते तेथील होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ठेवलेले आहे. त्यांच्या नावाची पियानोवादन स्पर्धा १९२७ पासून वॉर्सामध्ये भरते.

पोलंड ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला.

वॉर्साची पुनर्बांधणी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून व १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून आक्रमण केले. युद्धात सुमारे ६० लाख पोलिश नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांतील जवळपास निम्मे ज्यू होते. ओश्विएन्चिम या गावाजवळ जर्मनांनी उभारलेल्या आउश्वित्झ छळछावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. ती जागा आज स्मारक म्हणून जतन केली आहे.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्साच्या रहिवाशांनी केलेला उठाव दोन महिन्यांनी चिरडला गेला. त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे, इमारतीमागून इमारत असे, उद्ध्वस्त केले. युद्धानंतर जुने शहर जसेच्या तसे उभारण्याचे ठरले. त्यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडल्या. अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो याने रंगवलेली शहराची तपशीलवार दृश्ये ही एक. वास्तुशास्त्राच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी केलेली जुन्या इमारतींची मोजमापे व आराखडे ही दुसरी. ही कागदपत्रे युद्धकाळात एका मठात लपवून वाचवण्यात आली होती. दर्शनी भाग जुन्या वळणाचे असले तरी आतील बरीच घरे आधुनिक सोयींची आहेत, म्हणून याला हुबेहूब प्रतिकृती म्हणणे अचूक नाही. तरीही युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एरवी हा मान मूळ अवशेषांना मिळतो. येथे तो पुनर्बांधणीला मिळाला. राजवाड्याचे काम लोकवर्गणीतून १९७१ नंतर सुरू झाले.

इतर प्रेक्षणीय स्थळे

क्राकूफ ही जुनी राजधानी युद्धातून बरीचशी शाबूत राहिली. वावेल टेकडीवरील राजवाडा आणि १३६४ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ येथे आहे. शहराजवळच्या व्हिएलिच्का येथील मिठाची खाण तेराव्या शतकापासून चालू होती. तिच्यात सुमारे १०० मीटर खोलीवर खाणकामगारांनी मिठातच कोरलेले सेंट किंगाचे प्रार्थनामंदिर आहे. तेथील झुंबरांचे लोलकही मिठाच्या स्फटिकांचे आहेत. उत्तरेकडील माल्बोर्क हा विटांचा प्रचंड किल्ला ट्यूटॉनिक सरदारांनी बांधला. बेलारूसच्या सीमेवरील बियावोविएझा अरण्यात गव्याच्या जातकुळीतला झुब्र हा प्राणी आढळतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील शेवटचे रानटी झुब्र मारले गेले होते. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास करून १९५२ मध्ये ते पुन्हा जंगलात सोडण्यात आले.

विज्ञान, साहित्य व लोकलढा

सूर्यकेंद्री विश्वाची मांडणी करणारे निकोलस कोपर्निकस (१४७३–१५४३) टोरूनचे. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की व हेन्रिक झिगाल्स्की या तरुण गणितज्ञांचे नाव मात्र तुलनेने कमी घेतले जाते. जर्मन सैन्याच्या एनिग्मा यंत्राची गुप्तलिपी रेयेव्स्की यांनी १९३२ च्या अखेरीस भेदली आणि जुलै १९३९ मध्ये पोलंडने ही विद्या ब्रिटन व फ्रान्सला दिली. ब्रिटिशांच्या पुढील यशाचा पाया तेथे घातला गेला.

साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्यांत हेन्रिक शिएन्केविच, व्वादिस्वाव रेमोन्त, चेस्वाव मिवोश, विस्वावा शिम्बोर्स्का व ओल्गा तोकार्चुक यांचा समावेश होतो.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क येथील जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही साम्यवादी सत्तेपासून स्वतंत्र असलेली कामगार संघटना उभी राहिली. तिचे नेते लेक वालेन्सा हे विजेची कामे करणारे कामगार होते. सुमारे एक कोटी सभासद झालेल्या या संघटनेला दडपण्यासाठी १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तरी जून १९८९ च्या निवडणुकीत तिचाच विजय झाला. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघाचा सदस्य झाला.

महाराष्ट्राशी संबंध

वॉर्सात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३८–३९ च्या सुमारास औंध संस्थानातील लोकशाहीच्या प्रयोगाला हातभार लावला. मुंबईतील निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सोव्हिएत संघाने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलेले हजारो पोलिश नागरिक दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे भारतात पोहोचले. त्यांतील सुमारे ५,००० जण, मुख्यतः स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांच्या शाळा, चर्च व दवाखाना होता. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या वास्तव्याची आठवण म्हणून स्तंभ उभारला आहे. छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. तेच आजचे गांधीनगर.