क्षयरोग
क्षयरोग (राजयक्ष्मा) : मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूमुळे होणारा, हवेतून पसरणारा रोग. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला. पण इंग्लंडमधील क्षयमृत्यू १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध सापडण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते. जंतू हे रोगाचे कारण खरे, पण तो फोफावतो उपाशी शरीरात आणि कोंदट खोलीत.

यावर आक्षेप मद्रासच्या प्रयोगाचा. १९५६ पासून तेथे गरीब रुग्णांवर घरीच उपचार झाले. त्यांचा आहार आरोग्यधामातील रुग्णांपेक्षा निकृष्ट होता, तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले. मग अन्नाचे महत्त्व काय? प्रयोगाने सिद्ध केले ते इतकेच, की औषध नियमित मिळाले तर रुग्ण बरा होतो. घरातल्या बाकीच्यांना क्षय का होतो, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर झारखंडमधील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहे : रुग्णाच्या कुटुंबातील प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यावर नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण आज भारतात आहेत. औषधे अर्ध्यावर सोडल्यास प्रतिरोधी जंतू माजतात, म्हणून गोळ्यांचा पाठपुरावा हवाच. पण धान्याची पिशवी हाही या रोगावरचा उपचारच मानला पाहिजे.