उष्णकटिबंधीय गुहांचे भू-पुरातत्त्व : निया गुहेतील कवटीचा कालनिर्णय

प्रस्तावना :
उत्खननात खालचा थर जुना व वरचा थर नवा, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. उष्णकटिबंधीय गुहांना मात्र हा नियम सरसकट लागू करता येत नाही. पाझरणारे पाणी, वटवाघळांची विष्ठा (ग्वानो) आणि बिळे करणारे जीव यांमुळे तेथील थर विस्कळीत होतात. ग्वानो कुजताना निर्माण होणारी आम्ले हाडे व चुनखडक यांची झीज घडवितात. म्हणूनच गाळाच्या जडणघडणीचा अभ्यास करणारे भू-पुरातत्त्व येथे महत्त्वाचे ठरते. बोर्निओ बेटावरील सारावाक (मलेशिया) येथील निया गुहा हे याचे बोलके उदाहरण होय.

हॅरिसन यांचे उत्खनन व आक्षेप :
सारावाक संग्रहालयाचे प्रमुख टॉम हॅरिसन यांनी १९५४ मध्ये गुहेच्या पश्चिम मुखाशी उत्खननास प्रारंभ केला. बार्बरा हॅरिसन यांच्या सहभागाने हे कार्य १९६७ पर्यंत चालले. १९५८ मध्ये शंभर इंचांहून अधिक खोलीवर आधुनिक मानवाची कवटी मिळाली. तिच्याजवळील कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने सुमारे ४०,००० वर्षे ठरले. तथापि, उत्खनन नैसर्गिक थरांनुसार न करता मोजलेल्या खोलीनुसार झाले होते. त्यामुळे ही कवटी उत्तरकालीन दफनातील असावी, अशी शंका अभ्यासकांनी उपस्थित केली.

पुनर्तपासणी :
इ. स. २००० पासून ग्रॅम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली जुन्या खड्ड्यांच्या शिल्लक भिंती व हॅरिसन यांच्या नोंदी पुन्हा तपासण्यात आल्या. गुहेच्या आतील ग्वानोमिश्रित चिखल एके काळी मुखाकडे वाहत आल्याचे गाळाच्या अभ्यासातून दिसले. म्हणजेच केवळ खोलीवरून काळ ठरविणे धोक्याचे होते. परंतु कवटीच्या मूळ थराची निश्चिती व युरेनियम पद्धतीने केलेले थेट कालमापन यांवरून तिचे वय सुमारे ३५,००० वर्षे किंवा त्याहून अधिक असल्याचे स्पष्ट झाले. विषारी कंदांचे अवशेषही सापडल्याने, असे कंद निर्विष करून खाण्याचे ज्ञान तत्कालीन मानवास होते, असे अनुमान काढता येते.

समारोप :
हॅरिसन यांचा निष्कर्ष बव्हंशी योग्य ठरला. परंतु त्याला आधार मिळाला तो गाळाच्या वाचनातून. उत्खनन हे पुरावा नष्ट करणारे कार्य असल्याने काही भाग न खोदता राखणे किती आवश्यक आहे, हेही यातून सिद्ध होते. २०२४ मध्ये निया गुहासमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या राखलेल्या भिंतींच्या जतनाच्या दृष्टीनेही ही घटना महत्त्वाची आहे.