समुद्री शेवाळ अर्क : ठाणे-कल्याण परिसरात भेंडी व भातासाठी वापर कसा करावा?

कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि अंबरनाथ तालुक्यांत खरिपात भात आणि पुढे भेंडी, काकडी, पालेभाज्या घेतल्या जातात. या पिकांसाठी कृषी सेवा केंद्रांत ‘सीवीड’ नावाने द्रवरूप अर्क मिळतो. त्याचे काम नेमके समजले, तरच त्यावरचा खर्च वसूल होतो.

समुद्री शेवाळ म्हणजे काय?

समुद्रात खडकांना धरून वाढणाऱ्या शेवाळाचे हिरवे, तपकिरी आणि लाल असे तीन गट आहेत. कोकणात रत्नागिरी, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर तपकिरी सरगॅसम आढळते. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर कॅप्पाफायकस या लाल शेवाळाची बांबूच्या तराफ्यांवर लागवड होते. साधारण ४५ दिवसांत काढणी होते. त्यासाठी जमीन, गोडे पाणी किंवा रासायनिक खत लागत नाही. ताजे शेवाळ पिळून निघालेला रस फवारणीसाठी आणि उरलेला चोथा कॅराजिनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ बनविण्यासाठी वापरतात. काहीच वाया जात नाही.

ठाणे खाडीत लागवड शक्य आहे का?

नाही. कॅप्पाफायकसला स्वच्छ, खारे पाणी आणि भरपूर सूर्यप्रकाश लागतो. खाडीचे पाणी गाळाने गढूळ असते आणि पावसाळ्यात गोड्या पाण्यामुळे खारटपणा घटतो. शिवाय खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य असून २०२२ पासून रामसर स्थळही आहे.

खाडीकाठचे शेवाळ गोळा करून शेतात टाकू नये. शेवाळ पाण्यातील जड धातू शोषून साठवते आणि या खाडीत शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी येते. उल्हास नदीत पसरणारी जलपर्णी ही गोड्या पाण्यातील वेगळी वनस्पती आहे. तिचा आणि समुद्री शेवाळाचा संबंध नाही.

अर्क काय करतो, काय करत नाही?

- अर्कात ऑक्झिन, सायटोकायनिन यांसारखी वाढ नियंत्रक द्रव्ये, पोटॅश व सूक्ष्म अन्नद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. मुळांची वाढ, फुलधारणा आणि ताण सहन करण्यास मदत होते.
- नत्र, स्फुरद, पालाश यांची गरज त्यातून भागत नाही. शिफारशीत खतमात्रा कमी करू नये.
- भेंडीवरील यलो व्हेन मोझॅक किंवा पांढरी माशी यावर तो उपाय नाही.

भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, २.५ टक्के कॅप्पाफायकस अर्काच्या फवारणीने भेंडीचे उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी वाढले. २.५ टक्के म्हणजे लिटरला २५ मिलि. बाजारातील उत्पादनांची तीव्रता वेगवेगळी असते, त्यामुळे हे प्रमाण त्यांना लावू नये. लेबलवर लिटरला २ मिलि असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिलि पुरेसे.

फवारणी कधी करावी?

- भेंडी : पीक १५ ते २० दिवसांचे असताना, फुले लागण्याच्या सुरुवातीला आणि गरज वाटल्यास १५ दिवसांनी.
- भात : फुटवे येताना आणि पोटरीच्या सुरुवातीला.
- सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. पावसाची शक्यता असल्यास टाळावे.
- बोर्डो मिश्रण वा इतर ताम्रयुक्त औषधांत मिसळू नये.

खरेदी करताना

२०२१ पासून जैव उत्तेजके खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. लेबलवर घटक, शिफारशीत पिके, मात्रा, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख पाहावी. पक्के बिल घ्यावे व बाटली हंगाम संपेपर्यंत ठेवावी. ‘कीडही जाते, वाढही होते’ असे सांगून विकलेले उत्पादन घेऊ नये. त्यात न सांगितलेले कीटकनाशक असू शकते. निर्यातीच्या भेंडीत त्याचा अंश सापडला, तर संपूर्ण माल नाकारला जातो. शंका आल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे नमुना तपासता येतो.

आपल्याच शेतात पडताळणी

पहिल्या वर्षी सगळ्या शेतावर फवारू नका. मधल्या चार ओळींवर फक्त पाणी फवारा आणि त्यांच्या शेजारच्या चार ओळींवर अर्क. खत, पाणी, औषधे सारखीच द्या. प्रत्येक तोड्याचे वजन वेगवेगळे लिहून ठेवा. समजा, अर्काच्या ओळींत एकूण १२ किलो भेंडी जास्त निघाली आणि दर किलोला ३० रुपये मिळाला, तर जादा मिळकत ३६० रुपये. त्याच ओळींवरील अर्काचा व मजुरीचा खर्च याहून कमी असेल, तरच पुढील हंगामात क्षेत्र वाढवा. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील तीन-चार शेतांत अशी नोंद ठेवली, तर गटाने खरेदी करायची की नाही हे त्या गावच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.