सोनेरी हस्तांदोलन

२००० च्या अखेरीस सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तेव्हा आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नव्हता. वयाची चाळिशी किंवा नोकरीची १५ वर्षे पूर्ण केलेल्यांना अर्ज करता येई. झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार (उरलेल्या नोकरीच्या पगाराहून जास्त मात्र नाही), वर फंड आणि ग्रॅच्युइटी. देशभरात सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. याला म्हणायचे 'गोल्डन हँडशेक'. आम्हा शिक्षकांचा हात असा कोणी धरला नाही, असो.

एकरकमी पैसा आला, पण ठेवायचा कुठे? पीपीएफचे व्याज २००० च्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के होते, ते २००३ मध्ये ८ वर उतरले. बँकांच्या ठेवींचेही तेच. व्याजावर भागत नाही म्हटल्यावर माणूस धंद्याकडे वळणारच. त्याला लोभ म्हणणे मला पटत नाही.

आमच्या समोरच्या कॅशियरसाहेबांनी पंचावन्नाव्या वर्षी फंडाच्या पैशातून एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचे दुकान काढले. गंमत पाहा, कर्ज मागायला येणाऱ्याला "तुमचे स्वतःचे भांडवल किती?" असे विचारणाऱ्या बँकेतला हा माणूस, स्वतःच्या दुकानात मात्र सगळे भांडवल स्वतःचेच! २००३ मध्ये मोबाईलवर येणारे फोन मोफत झाले, करायचेही स्वस्त होत गेले. बूथपुढची रांग वर्षभरात आटली. झेरॉक्स कशीबशी चालली.

कायद्याची एक गोष्ट इथे सांगायला हवी. फंडात असलेल्या पैशावर कर्जापायी कोर्टाची जप्ती येत नाही. १९२५ च्या आणि १९५२ च्या, दोन्ही कायद्यांत तशी तरतूद आहे. म्हातारपणाच्या पैशाला सरकारनेच घातलेले हे कुंपण. पैसा काढून दुकानात घातला की ते संपले. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे देणे थकले तर मालकाच्या घरापर्यंत येते. मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी एलएलपी २००८ च्या कायद्याने आली, एकट्याची कंपनी २०१३ च्या. साहेबांना दोन्ही उशिराच.

ग्रॅच्युइटीला मात्र वहिनींनी हात लावू दिला नव्हता. २००४ मध्ये ९ टक्क्यांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना निघाली. पुढच्या वर्षी साहेबांना साठ पूर्ण झाली, तशा वहिनी त्यांना घेऊन पोस्टात गेल्या. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या त्या व्याजातून दोघांचे औषधपाणी आणि विजेचे बिल भागे.