हर्णैच्या किनाऱ्यावरील दोन विद्यार्थी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा शिवकाल अथवा पेशवाई यांतील एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु मायभूमीपासून दूर राहून मराठी जतन करणाऱ्या आपणा सर्वांना, मराठी मुलुखात परके म्हणून येऊन मराठी शिकलेल्या एका दांपत्याची हकिकत अधिक जवळची वाटेल, या विचाराने ती येथे सादर करीत आहोत.

हे दांपत्य म्हणजे डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट. मुंबईच्या विल्सन कॉलेजमुळे त्यांचे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. पण त्यांच्या उमेदवारीचा काळ फारसा कोणी सांगत नाही. जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर गावी झाला. एडिंबरोच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत असताना हिंदुस्थानात जाण्याचे त्यांनी मनाशी ठरविले व केवळ धर्मग्रंथांवर न विसंबता १८२७-२८ मध्ये शरीररचना, शस्त्रक्रिया व वैद्यक यांचेही शिक्षण घेतले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भाषा शिकून तीत बायबल उतरविणाऱ्या जॉन एलियट यांचे चरित्र त्यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्यात काम करावयाचे त्यांची भाषा आधी आली पाहिजे, हा धडा त्यांनी तेथूनच घेतला असावा. त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८२९ च्या फेब्रुवारीत उभयता मुंबई बंदरात उतरली.

मुंबईत त्यांनी लगेच काम आरंभले नाही. स्कॉटिश मिशनची ठाणी त्या वेळी दक्षिण कोकणात बाणकोट व हर्णै येथे होती. तेथे राहून मराठीचा अभ्यास करावयाचा, असे ठरले. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट आणि तेथून दक्षिणेस, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असलेले हर्णै, अशा दोन गावी त्यांचे १८२९ सालातील कित्येक महिने गेले.

त्यांच्या हाती साधने तरी कोणती होती? कॅरी यांचे १८०५ चे मराठी व्याकरण व १८१० चा कोश, तसेच व्हान्स केनेडी यांचा १८२४ चा कोश, एवढीच काय ती शिदोरी. मोल्सवर्थचा सुप्रसिद्ध कोश निघावयास १८३१ साल उजाडावे लागले. छापील पुस्तकाची लिपी बाळबोध, तर पत्रव्यवहाराची व हिशेबाची मोडी. त्यामुळे पंडितापुढे बसून घोकणे जितके आवश्यक, तितकेच घराबाहेर पडून ऐकणेही. मिशनच्या मराठी शाळा आसपासच्या गावांतून होत्या. किनाऱ्यावरची कोळ्यांची बोली, बाजारातील घासाघीस, शाळेतील मुलांचे पाढे हे कोणत्या व्याकरणात सापडणार? फेरफटका हाच तेथे दुसरा वर्ग होता.

मार्गारेटबाईंच्या अभ्यासाचे महत्त्व येथे विशेष सांगितले पाहिजे. त्या काळी परक्या पुरुषाला घराच्या ओटीपलीकडे प्रवेश नसे. माजघरातील मराठी एका स्त्रीलाच ऐकावयास मिळणार. या अभ्यासाचे फळ पुढे मुंबईत दिसले. अमेरिकन मिशनऱ्यांनी तेथे मुलींच्या शिक्षणाचा आरंभ १८२४ मध्येच केला होता. मार्गारेटबाईंनी अल्पावधीत स्वतःच्या कन्याशाळा काढून ते कार्य वाढविले. गावदेवी येथील सेंट कोलंबा शाळा आपले मूळ त्यांच्या १८३२ मधील शाळेपर्यंत नेते. १८३५ च्या एप्रिलमध्ये, हिंदुस्थानात येऊन जेमतेम सहा वर्षे झाली असता, मुंबईतच त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्या दोन बहिणींनी येथे येऊन कन्याशाळांचे काम हाती घेतले.

या दांपत्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. विल्सन यांची हिंदू धर्मावरील टीका पुष्कळांना झोंबली व मोरभट्ट दांडेकर यांच्यासारख्या शास्त्र्यांनी तिला चोख उत्तरही दिले. १८३१ च्या सुमारास झालेला हा वाद आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की, प्रतिपक्षाची भाषा आत्मसात केल्यावाचून असा समोरासमोरचा वाद होऊच शकला नसता. १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तीत मराठी भाषेची घटना व विस्तार यांवरील विवेचन लिहिले ते याच विल्सन यांनी. हर्णैला मुळाक्षरे गिरविणारा विद्यार्थी अठ्ठावीस वर्षांनी मराठीच्या महाकोशाच्या दारी स्वागताला उभा राहिला! १८७५ मध्ये मुंबईतच त्यांनी देह ठेवला.

ही हकिकत लिहिताना आम्हांस स्वतःचीच एक लाज आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमची नेमणूक कटकला होती. कचेरीचे काम इंग्रजीत चाले, भाजी बोटांच्या खुणांनी मिळे आणि संध्याकाळी आम्ही उभयता महानदीच्या काठी फिरावयास जात असू, तेही मराठीत बोलत. एके दिवशी शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नी आमच्या सौभाग्यवतीचा हात धरून किती तरी वेळ काही सांगत राहिल्या. दोन वर्षांचा शेजार असूनही त्यातील एक वाक्य आम्हांला कळले नाही. सांत्वनाचे दोन शब्द आमच्यापाशी नव्हते. त्यानंतरच घरात उडिया अक्षरओळखीचे पुस्तक आले.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके व ग्रंथालय यांच्या द्वारे मराठी जिवंत ठेवली, हे भूषणच आहे. पण ज्या भूमीने आपणांस अन्न व आसरा दिला, तिची भाषा आपल्यापैकी किती जणांना लिहिता-वाचता येते? पुढील वर्षांच्या कार्यक्रमांत या भाषेचा एक वर्ग मंडळाच्याच सभागृहात सुरू व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्या बाकावर आम्ही उभयता बसू.