दृश्याचा प्रवास आणि अर्थाची अडवणूक : संगणकीय सुगम्यतेच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणकाच्या इतिहासात यंत्रांचा वेग व क्षमता यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने अंध व्यक्तींना संगणक वाचून दाखवणाऱ्या प्रणालींचा इतिहास उपेक्षित राहिला. त्यातील एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे : एका व्यक्तीचा स्क्रीन रीडर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने अथवा दूरच्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम वाचू शकतो काय?

१९८४ मध्ये एमआयटी येथे 'एक्स विंडो' प्रणालीचा आरंभ झाला. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटावी, ही सोय तिच्या रचनेतच होती. डोळस माणसाला एवढे पुरेसे असते. स्क्रीन रीडरला मात्र चित्र निरुपयोगी. हे बटण आहे, त्याचे नाव अमुक, ते दाबलेले आहे किंवा नाही, अशी माहिती त्याला लागते. ती चित्राच्या मार्गाने येत नसे.

२००२ मधील 'ग्नोम २.०' या डेस्कटॉपसाठी सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकाराने 'एटी-एसपीआय' ही व्यवस्था उभी राहिली. तिचा आधार 'कोर्बा' हे तंत्र होते. नोंदणी-केंद्राचा पत्ता पडद्याच्या मूळ खिडकीवर लिहून ठेवला जाई. म्हणजे ज्या प्रोग्रॅमला पडदा गाठता येई, त्याला पत्ताही मिळे. तरीही 'रूट' म्हणून उघडलेले प्रोग्रॅम मुकेच राहत. त्यांना बोलते करण्यासाठी एका संरचना-फाइलीत ओळ घालून टीसीपी जोडणी खुली करावी लागे. सुरक्षेच्या दृष्टीने हा उपाय धोक्याचा होता. पण स्वतःच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवू पाहणाऱ्या अंध व्यक्तीपुढे दुसरा पर्याय एखाद्या डोळस परिचिताला बोलावण्याचा होता, हे विसरता येत नाही.

२०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली. २०११ च्या 'ग्नोम ३' मध्ये कोर्बाची जागा 'डी-बस'ने घेतली. डी-बसची सत्र-वाहिनी मुळात एका वापरकर्त्यापुरती असते. सुगम्यतेसाठी स्वतंत्र वाहिनी निर्माण झाली व तिचाही पत्ता मूळ खिडकीवर लिहिला गेला. परंतु तो त्याच यंत्रावरील सॉकेटचा असल्याने दूरच्या यंत्राला कुचकामी ठरला. रूटच्या प्रश्नावर खरा उतारा दुसऱ्याच दिशेने आला. 'पोलकिट'मुळे खिडकी सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालू लागली व अधिकाराचे काम पडद्याआडच्या वेगळ्या प्रक्रियेकडे गेले. सुरक्षेसाठी केलेली ही विभागणी सुगम्यतेच्या पथ्यावर पडली.

विंडोजवर वेगळा मार्ग निघाला. क्रिस्टोफर टॉथ व टायलर स्पायव्ही यांनी २०१५ मध्ये लोकवर्गणीतून 'एनव्हीडीए रिमोट' ही जोड उपलब्ध केली. दोन्ही यंत्रांवर स्वतंत्र स्क्रीन रीडर असतो. इकडून कळा जातात, तिकडून उच्चारावयाचा मजकूर येतो आणि आवाज इकडेच तयार होतो. त्यामुळे मंद जोडणीवरही काम भागते. २०२५.१ या आवृत्तीपासून ही सोय एनव्हीडीएमध्येच अंतर्भूत आहे. मात्र दूरच्या यंत्रावरही स्क्रीन रीडर असलाच पाहिजे, ही अट उरते.

लिनक्सच्या क्षेत्रात मॅट कॅम्पबेल यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या 'न्यूटन' या प्रायोगिक रचनेत प्रोग्रॅम आपल्या घटकांची माहिती 'वेलँड'च्या त्याच जोडणीतून पाठवतो, ज्यातून त्याचे चित्र जाते.